ऑरिनची शेकोटी

प्रिय आर्वो,

जुने मंत्र घेऊन खेळणाऱ्या आपल्या सगळ्यांना कंपनीने पुन्हा एकदा मोडीत काढलं आहे. बातमी तू वाचली असशीलच. पुढच्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी पडद्यावरच्या आपल्या खेळाची नवी आवृत्ती येणार आणि मांत्रिकांचे जुने मंत्र त्या दिवशी विरघळून जाणार. ऑरिनचं मोहोळ जाईल, तुझा गारठा जाईल, बेनिताची वावटळ जाईल, शेकोटी जाईल. त्यांच्या जागी नवे चकचकीत मंत्र येतील, बंदुकीसारखे नेम धरून मारायचे. सवलत एकच. मंगळवारच्या आत जो स्वतः खेळात येऊन आपल्या मंत्राला ‘राखून ठेवा’ म्हणेल, त्याचा मंत्र राहील, तोही फक्त जुन्या मैदानांवर. ज्यांचे हात तरुण आहेत त्यांना याचं काही नाही. मालकाला एखादी वस्तू जुनी वाटू लागली की ती वापरणारी माणसंही त्याला जुनी वाटू लागतात, हे मी इस्पितळाच्या पायऱ्यांवरून आणि नगरभवनासमोरच्या बर्फात उभी राहून आयुष्यभर ओरडून सांगितलं. इथेही तेच चाललंय. फक्त या वेळी ओरडावंसं वाटत नाही.

मी ‘आपल्या’ असं लिहिलं, ते वाचून तू चमकला असशील. व्हर्ना कधीपासून आपल्यात आली? सांगते, जरा दमाने वाच. तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. रागावलेली नाही. रागावता आलं असतं तर बरं झालं असतं.

इकडे सरोवर गोठलं आहे. बोटी बंद, त्यामुळे त्यांना वाट देणाऱ्या पुलाचा भोंगाही बंद. ऑरिन असता तर म्हणाला असता, आता मार्चपर्यंत आम्हा बंदरातल्या क्रेनवाल्यांना फक्त पत्ते आणि खोकला. खालच्या मजल्यावर त्याची खुर्ची आहे तशीच आहे. माझ्या बहिणीने दोनदा विचारलं, देऊन टाकूया का म्हणून. मी दोन्ही वेळा ‘हो’ म्हणाले आणि दोन्ही वेळा ती रिकाम्या हातांनी परत गेली. मी जंगली तांदळाचं सूप करते, पहिल्यासारखंच पातेलंभर, आणि आठवडाभर तेच खाते. चव कशी आहे हे विचारशील तर सांगता येणार नाही. गरम असतं.

बेनिताचा मध्यंतरी फोन आला होता. शाळेची बस डेपोत लावून तिथूनच बोलत होती, मागे न्यू मेक्सिकोचा वारा नुसता घोंघावत होता. “पुढारीणबाई,” म्हणाली, “तुम्ही नर्सबायांसाठी राज्यपालांना घाम फोडलात. आता आम्हा म्हाताऱ्या मांत्रिकांसाठी तोंड उघडा. कंपनीवाले सगळ्यांसमोर प्रश्न घेणार आहेत. तुमच्यासारखं कोण बोलणार?” मी बरं म्हणाले. टेबलाशी बसले. पहिलं वाक्य लिहिलं, ‘मित्रहो, आपल्याकडून काय काढून घेतलं जात आहे ते आधी समजून घ्या.’ तिथेच थांबले. पुढचं वाक्य आलं नाही. स्वतःच्या नवऱ्याच्या, ऑरिनच्या अंत्यविधीलाही असंच झालं होतं, तू फोनवरून ऐकत होतास. मी चर्चमध्ये उभी राहिले आणि आलेल्यांचे आभार मानून खाली बसले. लोकांना वाटलं, बाईला हुंदका आला. हुंदका नव्हता. आत काही नव्हतंच.

तुमच्या त्या वादांची मला आठवण येते. ‘येते’ म्हणजे ते जसेच्या तसे ऐकू येतात. त्यापुढे काही होत नाही. मी वर भांडी घासत असायची आणि खालून तुम्हा तिघांचं सुरू असायचं. मांत्रिकाची सगळ्यांत चांगली जुळणी कुठली? कुठला मंत्र, कुठले हातमोजे, कुठला झगा? संसदेत इतक्या पोटतिडकीने कुणी बोललं असतं तर देश सुधारला असता. तू म्हणायचास, गारठाच. करडा झगा घालायचा, समोरच्याला जागच्या जागी गोठवायचं आणि मग सावकाश फोडायचं. त्यावर ऑरिन, “त्या गोठलेल्या थंडर बेच्या माणसाला गारठ्याशिवाय दुसरं सुचणार काय!” मग तू, “आणि तू रे? मंत्र म्हणून हात वर केलास की ठिणग्या आपोआप शत्रू शोधत जातात. लढतोस की मधमाश्या पाळतोस?” मग तो शांतपणे, “मी स्वयंपाक करतो. पोळलात की माझ्याच चुलीशी येता ना?” आणि बेनिता मधूनच किंचाळणार, “आजोबा, चर्चा नंतर! शेकोटी पेटवा, माझं ढुंगण जळतंय!” तिच्या वावटळीचा तर कुणालाच भरवसा नसायचा, शत्रूबरोबर तुम्हालाही उडवायची. समोरच्या तुकडीतला कुणीतरी एकदा म्हणाला होता, तीन मांत्रिक आणि ढाल एकाकडेही नाही, हे युद्ध आहे की वृद्धाश्रमाची सहल? तुम्ही त्याला हरवलंत आणि ऑरिन ते वाक्य वर्षभर येईल-जाईल त्याला सांगत राहिला.

त्याची ती जुळणी कशी झाली हे तुला ठाऊक आहे, तरी लिहिते. औषधांनी त्याचा आजार हटला नाही, बोटं मात्र गेली. म्हणजे होती जागेवर, पण बधिर. शर्टाचं बटण लागायचं नाही. “बोटं आहेत गं,” म्हणायचा, “पण माझी नाहीत.” बंदुकीचा नेम लागेना, तेव्हा त्याने सगळी हत्यारं काढून ठेवली आणि कुणी ढुंकून बघत नव्हतं असे जुने मंत्र उकरून काढले. मोहोळाला नेम धरावा लागत नाही, ठिणग्या स्वतः वाट काढतात. ठिणग्या सोडल्या की हातमोजे तापतात. हातमोजे तापले की जमिनीवर शेकोटी पेटवता येते, आणि तिच्या उजेडाच्या वर्तुळात जो उभा राहील त्याच्या जखमा भरतात. ज्याला स्वतःच्या बोटांचा स्पर्श कळत नव्हता, त्याने दुसऱ्यांना ऊब देता येईल अशी जुळणी केली. एरवी मी यावर अर्धा तास बोलले असते. आता एवढंच लिहिते की तसं झालं होतं.

आणि तुमचा तो रिवाज. पहिली गोळी सुटायच्या आधी, शत्रूचा पत्ताही नसताना, ऑरिन शेकोटी पेटवायचा. तिघांनी आत आल्याशिवाय सुरुवात नाही. आत उभं राहून काय जेवलात ते सांगायचं. बेनिताची हिरव्या मिरचीची भाजी, तुझे ते गुलाबी साखरेचे पाव. तू रुसला असलास की वर्तुळाच्या काठावर बाहेर उभा राहायचास, आणि मग खालून ऑरिनचा आवाज यायचा, “आर्वो, ये की आत. भांडायचं ते आत येऊन भांड.”

तो गेल्यावर त्याच्या खेळाच्या यंत्राचा तो छोटा दिवा लुकलुकत राहिला होता. मी ते बंद करायला खाली गेले होते. कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि पडदा उजळला. त्याचा मांत्रिक उभा होता. तू पाहिलंच आहेस, कुणी काही केलं नाही की तो आपला हातावर हात चोळत उभा राहतो, थंडीत बोटी पाहणाऱ्यासारखा. मी खुर्चीत बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. मग दुपारच्या जेवणानंतर रोजच. मला नेम धरता येत नाही, पळता येत नाही, भिंतीवर आपटते. पण त्या जुळणीला यातलं काही लागतच नाही. हात वर करायचा, ठिणग्या जातात. बटण दाबायचं, शेकोटी पेटते. बधिर बोटांसाठी केलेली गोष्ट बधिर माणसालाही चालते. मी कुणाशी लढायची नाही. त्या जुन्या बंदराच्या मैदानावर, धक्क्याच्या टोकाला जाऊन शेकोटी पेटवायची, ती विझेपर्यंत आत उभी राहायची आणि पुन्हा पेटवायची. रडू आलं नाही कधी. पण तेवढा वेळ मी कुठेतरी असायची. एरवी घरात असते, दुकानात असते, पण नसते. हे कुणालाच सांगितलं नाही, बेनितालाही नाही.

एका दुपारी धक्क्यावर कुणीतरी आलं. करडा झगा, खांद्यावर बर्फाची नक्षी. मी लगेच ओळखलं. शेकोटी पेटवली. तू आत आला नाहीस. काठावर उभा राहिलास. मला वाटलं, रुसलाय. ती विझली, मी पुन्हा पेटवली. तू तिथेच. बोलायचं होतं रे. हजारोंच्या मोर्च्यासमोर ध्वनिक्षेपक बंद पडला तरी माझं कधी अडलं नाही, पण त्या यंत्रात बोलायचं कसं हे मला माहीत नव्हतं. ऑरिनची कानाला लावायची ती पट्टी कुठे जोडायची कळेना. हाताला येतील ती बटणं दाबत सुटले. ऑरिनचा मांत्रिक उडी मारून बसला, उठला आणि तुझ्यासमोर नाचू लागला. कमरेवर हात ठेवून, मान डोलवत. थांबवता येईना. मग पडद्यावर तुझी अक्षरं उमटली, “कोण आहेस तू? लाज नाही वाटत? तो मेलाय. त्याचं नाव वापरणं सोड.” आणि तू निघून गेलास. तो नाचतच होता.

मला वाईट वाटलं नाही. काहीच वाटलं नाही, नेहमीसारखं. पण जिना चढताना एक गोष्ट ध्यानात आली. ऑरिनसाठी या जगात कुणीतरी अजून इतकं पेटून उठतंय, आणि ती मी नव्हे. चिडायचं काम घरात माझं असायचं. ते तू केलंस. त्याबद्दल तुझे आभार मानायचे आहेत, थट्टेने नाही, खरोखर.

दुसऱ्या दिवशी यंत्र लावलं तर आत जाता येईना. ‘खातं चोरीला गेल्याची तक्रार आपल्या एका सोबत्याने केली असल्यामुळे तपासणी होईपर्यंत थांबवले आहे.’ कंपनीला लिहिलं. अगदी अदबीने उत्तर आलं, खातेदाराने स्वतः येऊन ओळख पटवावी, नाहीतर तक्रारदाराने तक्रार मागे घ्यावी. तपासणीला मंगळवारनंतरचा मुहूर्त आहे. खातेदार वारला म्हणून कळवलं, तर ते कायमचंच बंद करतात, तसा त्यांचा नियम आहे. म्हणजे कुलूप तू घातलंस, प्रेमाने घातलंस, चोराला बाहेर ठेवायला घातलंस. आणि किल्लीही तुझ्याकडेच आहे. मंगळवार उलटला की ऑरिनची शेकोटी विरघळेल, आणि मग मला उभं राहायला जागा नाही. बेनिताला सांगितलं असतं तर तिने तुला फोनवरच फाडून खाल्लं असतं. ते मला नको होतं. आर्वो, तो चोर नव्हता. मी होते. मंत्र राखून ठेवायला मला एकदाच आत जाऊ दे, मग तूही तिथे ये. या खेपेला काठावर थांबू नकोस. पण ते सगळं नंतर. आधी एकच कर. हे पत्र खाली ठेव, यंत्र लाव आणि तुझी तक्रार मागे घे. आजच.

तुझीच, धक्क्यावरची,
व्हर्ना