उभी पेंडी, आडवी पेंडी

बाबा, तुमच्यासारखी शंकेखोर मीच निघाले. भाजीवाल्याचा काटा वाकून पाहते, कुणी गोड बोललं की याला काय हवंय हेच आधी मनात येतं. आता मैत्रिणींवर शंका आली आहे, आणि ती फिरत फिरत तुमच्यापर्यंत पोचली, म्हणून बसले लिहायला.

नवरा गेल्यावर मी जवाहरनगरचं क्वार्टर सोडून करडीला आले, तुमच्याच घरात, तुमच्याच धानाच्या बांधीवर. यंदाच्या रोवण्याला शाळेपासूनच्या दोघी मैत्रिणी सोबत होत्या, एक शेजारीण आणि एक शिलाईवाली. बांधीच्या काठाला धुऱ्यावर उभा राहून रोवणाऱ्या बायांकडे धानाच्या कोवळ्या पऱ्ह्यांच्या पेंड्या फेकणारा गडी तापाने पडला, तेव्हा आम्हीच त्या फेकायला लागलो. शेजारणीची पहिलीच पेंडी थाडकन माझ्या पाठीत. "आंधळी झाली का वं?" म्हणत मी तीच उचलून तिच्यावर फेकली. ती लागली नाही, शिलाईवालीच्या पुढ्यात चिखलात ताठ उभी राहिली, जशी काही तिला हजेरी द्यायला आली! माय वं, काय हसलो आम्ही. नवरा गेल्यापासून माझं ते पहिलं हसणं.

त्यातूनच खेळ झाला. चिखलात सायकलचा जुना टायर टाकायचा आणि धुऱ्यावरून पेंडी फेकायची. टायरात उभी राहिली तर डाव आपला. आडवी पडली तर जिंकणारीने हरणारीच्या गालाला चिखल फासायचा. खेळाला अजून नावही नाही, पण आजूबाजूच्या बाया डबा घेऊन पाहायला येतात.

पण मीच एवढी जिंकते कशी? एक दिवस बांधीवर जाताना मी मोहाच्या झाडाआडून पाहिलं. शिलाईवाली एकटीच फेकत होती, पेंडीमागून पेंडी, साऱ्या उभ्या. माझ्यासमोर मात्र तिची आडवीच पडते. तेवढ्यात शेजारीणही आली, तशी मी सरळ जाऊन दोघींना विचारलं, "तुम्ही मले जिंकवून राहिल्या का?"

"तुले जिंकवून आमाले काय भेटते वं? हात आहे, चुकते कधी," शिलाईवाली म्हणाली. शेजारणीकडे तिने पाहिलं नाही, मुद्दाम पाहिलं नाही, तेच मला खटकलं. माझी कीव करतात काय! उद्यापासून खेळायचंच नाही, असं ठरवून मी तणतणत घरी आले. हात धुताना आठवलं, हे वाक्य मी आधी ऐकलंय. तुमच्याच तोंडून, याच बांधीत.

आई गेली त्या वर्षीचा रोवणा. मी बायांच्या ओळीत वाकलेली, कुणाशी बोलत नाही, धड जेवत नाही. तुम्ही धुऱ्यावर. तुमची पेंडी म्हणजे बाईने मागे हात नेला की हाताला लागणार, कुणाच्या अंगावर कधी शिंतोडा नाही. आणि त्या दिवशी ती माझ्या पायाशीच आदळते. तोंडभर चिखल. "बाबा, दिसत नाही का तुमाले?" मी रडवेली होऊन ओरडते. "हात आहे, चुकते कधी," तुम्ही म्हणता, आणि पुढची पेंडी परत तिथेच! मग मात्र मी ती उचलून तुमच्यावरच फेकते. तुमचं धोतर चिखलाने भरतं, बाया खिदळतात, आणि मीही हसते, आई गेल्यावर पहिल्यांदा. "पऱ्ह्याचा खेळ करते काय?" तुम्ही खेकसता आणि पाठ फिरवून उभे राहता, कितीतरी वेळ. मला वाटलं, रागावलात. आतापर्यंत मी तेच धरून बसले होते. संध्याकाळी चुलीपुढे बसवून तुम्ही माझ्या केसांतला चिखल काढलात.

तुमचा हात चुकला नव्हता, बाबा. कुणाचा चुकेल, तुमचा नाही. आणि पाठ फिरवून तुम्ही काय करत होता, हसत होता की रडत होता? आता कुणाला विचारू मी हे?

काल मी गेले खेळायला. शिलाईवालीने पेंडी इतकी सफाईने आडवी पाडली की दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. मी तिच्या दोन्ही गालांना भरपूर चिखल फासला, आणि ती खोटं खोटं चिडली.

हे पाठवू तरी कुठे. पण तुम्हाला म्हणून सांगते, त्या दोघींना कळू देऊ नका: मला सगळं कळतं, आणि तरी जिंकायला आवडून राहिलं आहे.