माघारीचा कागद

दि. २२ जानेवारी १९७३

प्रिय राधू,

तुझं पत्र येऊन अकरा दिवस झाले. रोज दुपारी कागद पुढे घेते, 'प्रिय राधू' लिहिते आणि उठते. आज मशीनवर कापड झाकून टाकलंय, दार ओढून घेतलंय, आणि ठरवलंय की संपवल्याशिवाय उठायचं नाही. तू सगळं एका दमात वाच. मध्ये थांबलास तर माझ्याविषयी काहीतरी भलतं ठरवशील. खरं तर पूर्ण वाचल्यावरही ठरवशीलच.

आधी इकडचं सांगते. प्रवरेत पाणी नाही. वाळूत झरे खणून बायका वाटीवाटीनं हंडे भरतात. निम्मं गाव कोल्हारच्या रस्त्यावर खडी फोडायला जातं, शेजारची चांगुणाबाईसुद्धा. नवे झंपर कोणी शिवत नाही, जुनेच उसवून दुरुस्तीला येतात. माझं एकटीचं भागतंय, तू पैसे पाठवायच्या फंदात पडू नकोस. छापखान्यातल्या शिशानं तुझा खोकला वाढला असेल. रात्री गूळ खात जा.

तुला आठवतं, सदुसष्ट साली तू पहिल्यांदा मत द्यायला गेलास? मी शिवलेला पांढरा सदरा घालून गेलास आणि घुश्शात परत आलास. पुणतांब्याच्या तुझ्या मित्राला दोन मतपत्रिका मिळाल्या होत्या, एक दिल्लीची, एक मुंबईची. तुला एकच. आपल्या मतदारसंघात आबासाहेब आमदार म्हणून बिनविरोध निवडून आले होते. त्याच्या आधीच्या खेपेलाही बिनविरोधच. तू ओट्यावर बसून मला विचारलंस, "अक्का, दुसरा कागद मला का नाही?" जसं काही मीच तो लपवून ठेवला होता. मी हसले. लहानपणी वाढताना मी दुसरा लाडू मागे ठेवायचे तेव्हा तू असाच विचारायचास.

मागच्या वर्षी तू फॉर्म भरायचा म्हणालास तेव्हाही मला तो लाडूच आठवला. आबासाहेबांशी तुझं वैर नव्हतं. तू म्हणालास, "पडेन की. पण पडायला तरी कोणी पाहिजे ना." सूचक म्हणून सही मागायला तू गावात अकरा जणांकडे गेलास. एकानंही नाही म्हटलं नाही, आणि एकाचाही हात कागदापर्यंत आला नाही. कुणाचा चष्मा सापडेना, कुणाला त्याच वेळी रानात जायचं होतं. शेवटी मी सही केली. मतदार यादीत माझं नाव होतं, मी सातवीची फायनल पास, आणि मला विचारणारा नवरा बारा वर्षांपूर्वीच गेलेला. निवडणूक प्रतिनिधी म्हणूनही तू माझंच नाव लिहून दिलंस. मग नदीपलीकडच्या गावांना सायकलवर निघताना दोन कोऱ्या कागदांवर सह्या करून माझ्याकडे ठेवल्यास. चिन्हासाठी अर्ज लागेल, लाऊडस्पीकरची परवानगी लागेल, मी कुठं सापडेन सांगता येत नाही, म्हणालास. इथपर्यंतचं सगळं तुला माहीत आहे. पुढचं मी कोणालाच सांगितलेलं नाही.

तू निघालास त्याच दिवशी दुपारी चांगुणाबाई पिठलं-भाकरी घेऊन आली. वर फडकं झाकलेलं. उंबऱ्याच्या आत आली नाही, खाली ठेवलं आणि माझ्याकडे न बघता गेली. मला वाटलं, एकटी आहे म्हणून आणलं असेल. दुसऱ्या दिवशी बनाबाई घेऊन आली. तिसऱ्या दिवशी खालच्या आळीतून दोघी आल्या, त्यांच्याही टोपलीत पिठलं-भाकरीच. राधू, चूल पेटत नाही त्या घरी आपण काय नेतो ते तुला सांगायला नको. माझी चूल तर पेटलेली होती. त्या धुराकडे पाहूनसुद्धा त्यांनी टोपल्या खाली ठेवल्या.

शिवायला टाकलेली कापडं बायका येऊन घेऊन जाऊ लागल्या. रागानं नव्हे, फार मायेनं. "घाई न्हाई केशर. तुजं समदं पार पडू दे, मग बघू." काय पार पडू दे, असं मी विचारलं की पाठीवरून हात फिरवायच्या. आणि सगळे तुझ्याविषयी 'होता' म्हणायला लागले. पहिल्यांदा मला वाटलं कानाचा दोष असेल. पण पाणवठ्यावर, दुकानात, देवळापाशी, सगळीकडे तेच. "राधाकृष्ण लई चांगला हुता." "कुनाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई." मी म्हणायचे, अहो आहे तो, पलीकडे गेलाय, शुक्रवारी येईल. त्या मान डोलवायच्या. अशा वेळी बायकांनी काहीतरी बोलायचंच असतं आणि आपण ते ऐकून घ्यायचं असतं, अशी मान.

मी चांगुणाबाईला धरून विचारलं, कोणी काही बोललंय का? आबासाहेबांचा कारभारी श्रीमंत इकडे आला होता का? ती म्हणाली, "न्हाई गं बाई. कोन येतंय. पन बन्सीचं काय झालं ते ठावं हाय ना तुला?" बन्सी म्हणजे बासष्ट साली आबासाहेबांच्या विरुद्ध फॉर्म भरणारा. आपल्याच गावचा, तू तेव्हा शाळेत होतास. मी विचारलं, काय झालं त्याचं? ती पदर सावरून निघून गेली. मग मी पाच-सहा घरी विचारलं. एक म्हणे विहिरीत सापडला, एक म्हणे वेड लागलं, एक म्हणे घरदार सोडून परागंदा झाला. बघितलेला कोणीच नव्हता. सांगताना आवाज मात्र सगळ्यांचा सारखाच उतरायचा.

त्याच आठवड्यात आबासाहेबांची जीप आपल्या दारासमोर थांबली. मी मशीनवरून उठून दारात आले. ते उतरले नाहीत, तिथूनच हात जोडले. "केशरबाई, राधाकृष्ण उन्हाचा फिरतोय म्हणे. तब्येतीला जपायला सांगा." आणि गेले. तू म्हणशील, हीच ती धमकी. मीही कितीतरी दिवस ते वाक्य उलटंसुलटं करून पाहिलं. त्यात मला काळजीशिवाय काही सापडलं नाही, आणि म्हणून त्याची जास्तच भीती वाटली.

माघारीच्या आदल्या दिवशी भरदुपारी रखमाजी कुंभार आला. हातात एकच मडकं होतं. लहान, नवं, प्रेतापुढे विस्तव धरून नेतात तसलं. त्यानं ते ओट्यावर ठेवलं आणि टोपी काढून उभा राहिला. मी विचारलं, हे कोणी सांगितलं तुला? तो म्हणाला, "निरोप आला हुता." कोणाचा? तो खरोखर आठवत राहिला. कपाळाला आठ्या घालून, बोटं मोजत, माणूस आठवतो तसा. मग म्हणाला, "आला हुता येवढं खरं, बाई. न्हाईतर मी कशाला घडवलं असतं?" आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तू लहान असताना त्याच्या चाकाजवळ बसून चिखलाचे बैल करायचास.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या सहीचा एक कोरा कागद काढला आणि सहीच्या वर स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'मी माझी उमेदवारी राजीखुशीने मागे घेत आहे.' एस.टी.त लोकांनी उठून मला खिडकीची जागा दिली. तीनपर्यंत मुदत होती, मी साडेबाराला कचेरीत पोहोचले. अधिकाऱ्यानं तुझी सही ताडून पाहिली, माझं सूचकाचं नाव पाहिलं, आणि विचारलं, "बाई, तुमच्यावर कोणी दबाव आणलाय का? असला तर सांगा, मी इथंच थांबवतो." भला माणूस होता. दोनदा विचारलं त्यानं. मी दोन्ही वेळा नाही म्हणाले. राधू, ते खरं होतं.

गावात परतले तर वेशीपासून लोक बोलायला लागले. "राधाकृष्ण हाय का घरी? कधी येनार हाय?" आता 'हाय' होतं, 'हुता' नव्हे! दिवस मावळायच्या आत सगळी कापडं परत आली. चांगुणाबाई हसत आत आली, चुलीपाशी बसली, आपल्या हातानं चहा केला. मला इतकं हलकं वाटलं, की लाज वाटायचीसुद्धा मी विसरले.

शुक्रवारी तू आलास. वाटेतच तुला कोणीतरी सांगितलं होतं. तू विचारलंस, "अक्का, कोणी करायला लावलं?" मी रडायला लागले. तू म्हणालास, "श्रीमंत आला होता ना? घाबरू नकोस, नुसती मान हलव." मी मान हलवली नाही, पण नाहीही म्हणाले नाही. तेवढं तुला पुरलं. तू श्रीमंतच्या दारात जाऊन ओरडलास आणि तिसऱ्या दिवशी मुंबईला गेलास.

तू नव्हतास म्हणून पाच मार्चचं, राज्यभरच्या मतदानाच्या दिवसाचं, तुला कोणी लिहिलं नसेल. त्या रविवारी आपल्याकडे मतदान नव्हतं, हे पोरासोरांनाही माहीत होतं. तरी सकाळी नऊच्या सुमाराला माणसं शाळेकडे निघाली. धुतलेली धोतरं, ठेवणीतली लुगडी. शाळेला कुलूप होतं. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, अशा दोन रांगा लागल्या. कोणी बोलवलं नव्हतं. मीही जाऊन उभी राहिले, चांगुणाबाईच्या मागे. कोणी बोललं नाही, तंबाखूचा बटवासुद्धा कोणी काढला नाही. रांग पुढे सरकत नव्हती, पण मधूनच सगळे एक पाऊल पुढे टाकत होते. तासाभरानं पुढची माणसं वळली आणि घरी गेली. त्याविषयी आजपर्यंत कोणी एक शब्द काढलेला नाही. मी एकदा काढला, तर चांगुणाबाई म्हणाली, "कवा? मी तर त्या दिशी रानात हुते."

त्यानंतर मला राहवेना. दिवाळीनंतर मी बन्सीचा शोध घेतला. तो राजूरला असतो असं कळलं, तिथं गेले. बाजारात धान्याचं दुकान लावून बसला होता. धडधाकट, गालावर लाली, दोन नातू. मी कोण ते सांगितलं, आणि विचारलं की तुमच्यावर काय बेतलं होतं? तो म्हणाला, "मला? कुठं काय. मीच मागं घेतला." कोणी सांगितलं म्हणून? "कोनी न्हाई." मग का? बराच वेळ तो मापातली बाजरी सारखी करत राहिला. "घरी लोकं येऊन बसायला लागली हुती, ताई. सांत्वनाला. मी समोर बसलेलो, आन् माज्या देखत माज्या बायकोचं सांत्वन." एवढं म्हणून त्यानं गिऱ्हाईकाकडे तोंड फिरवलं.

येताना मी सरळ श्रीमंतकडे गेले. मनात होतं, आज त्याच्या तोंडून निघालं तर बरं होईल, माझ्या डोक्यावरचं ओझं उतरेल. त्यानं मला आत बोलावलं, कोठीचं दार उघडून दाखवलं. छतापर्यंत गठ्ठे होते. आबासाहेबांची पोस्टरं, सुतळीसुद्धा न सोडलेली. म्हणाला, "आमाला वाटलं, यंदा व्हतंय मतदान. साहेब खूश हुते, म्हनले दहा वर्सांत कुनी मत मागायला लावलं न्हाई, जरा फिरू. जीपला नवे टायर घातले. आन् तुमीच कागद घेऊन गेला." मग त्यानं मला विचारलं, आणि ते विचारताना तो मला घाबरलेला दिसला, "बाई, तुमाला कुनी सांगितलं हुतं?"

तुझ्या पत्रात तू लिहिलंस की हायकोर्टात आबासाहेबांची निवड रद्द करायच्या तुझ्या अर्जाची तारीख नऊ फेब्रुवारीला आहे, मला समन्स येईल, आणि मी फक्त एक नाव घ्यायचं आहे. 'श्रीमंत म्हण, अक्का. बाकी वकील बघतील.' समन्स शनिवारी आलं. मी येईन. पण मला शपथेवर विचारतील, कोणी धमकावलं, आणि मी सांगेन, कोणी नाही. निरोप कोणी पाठवला ते मला आजही माहीत नाही, पण तो कागद माझ्या हातानं लिहिला आणि मीच नेऊन दिला. श्रीमंतचं नाव घेऊन मी त्याला बुडवणार नाही. तू हरशील, आणि भर कोर्टात मान वळवून माझ्याकडे बघशील. तेव्हा तुला हे पहिल्यांदा कळू नये, एवढ्यासाठी हे पत्र. वकिलांना आधीच दाखव, अर्ज मागे घ्यायचा की लढायचा ते तू ठरव. या वेळी तुझ्या वतीनं मी काही ठरवणार नाही. आणि पुढच्या निवडणुकीला उभा राहा, राधू. मी मत देईन, रांगेत पहिली उभी राहीन. फक्त सूचक दुसरा कोणी शोध, आणि सही केलेला कोरा कागद माझ्याकडे ठेवू नकोस. परवा एका झंपराला बटणांची काजी करत होते आणि हात थांबवून कितीतरी वेळ त्या हाताकडेच बघत बसले. मला अजून त्याची खात्री नाही.

तुझीच,
केशरअक्का