लॉरीचा पुढचा हिस्सा

आज सकाळी शेडमध्ये नुसत्या उभ्या असलेल्या लॉरीची पुढची काच कोणीही हात न लावता तडकली, म्हणून हे मृत्युपत्र मी आजच लिहीत आहे.

मी दमयंती, कै. कमळाकर दिघे यांची पत्नी, वय एकसष्ट, राहणार पनवेल. माझी बुद्धी शाबूत आहे आणि स्मरण नको तितके चांगले आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. माझाच दाब इतरांना होतो अशी घरात तक्रार आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

आधी लॉरीविषयी, कारण बाकी सारे तिच्यामुळे आहे. मिठाच्या गोणी वाहायला ती माझ्या यजमानांनी आणि दिरांनी भागीत घेतली. सन १९३८ मध्ये खंडाळ्याच्या घाटात समोरच्या गाडीच्या चाकाखालून एक दगड उडाला. दगड लहान होता, त्याने यजमानांना खरचटलेही नसते. काचेने त्यांचा गळा कापला. जुनी काच फुटली की तिचे भाले होतात. त्यानंतर लॉरी मिठाच्या वखारीत पडून होती.

दोन वर्षांपूर्वी दिरांचा मुलगा दयाराम याने ती पुन्हा चालू करण्याचे मनावर घेतले. मी हो म्हटले, एकाच अटीवर: पुढची काच मी मागवीन. दोन काचांमध्ये चिकट पडदा असलेली काच आता मिळते. ती फुटली तरी जागेवर राहते. इंजिन, पुढचा आस आणि ती काच मुंबईहून खलील तांडेल यांच्या मचव्यातून एकाच भरतीला पनवेलच्या बंदरात आली. काचेच्या पेटीवर उभी ठेवावी अशी ठळक सूचना होती. मिठाच्या मचव्यात जड माल तळाशी आडवा रचतात, तसे त्यांच्या माणसांनी पेटी आडवी केली आणि घसरू नये म्हणून वर आस ठेवला. आत चुरा निघाला. मी बंदरावरच त्यांना जाब विचारला.

खलील म्हणाले, "बाईसाब, मचव्यात उभं राहायचं ते मानसानं. बाकी सगलं आडवं."

मला हसू आले, ते मी दाखवले नाही. दुसरी काच मागवली, ती दिवाळीच्या सुमारास येईल. पण जाऊबाई चंद्रावती यांनी नवस बोलला आहे की दसऱ्याला लॉरी कार्ल्याला एकवीरेच्या पायथ्याशी उभी करीन. दयाराम थांबेना. मिठाईवाल्याच्या मोडक्या कपाटाचे दार काढून त्याने त्याची काच लॉरीला बसवली.

"काकू, काच ती काच. आरपार दिसलं म्हणजे झालं."

"तुझ्या काकांनाही दिसत होतं."

"तुम्हाला प्रत्येक काचेत काकाच दिसतात."

बसवलीही चुकीची. चौकटीचे स्क्रू आळीपाळीने थोडेथोडे फिरवायचे असतात, म्हणजे काच रबरात मोकळी बसते. त्याने खालचा डावा एकदम आवळला. तडा नेमका तिथूनच निघाला. जाऊबाई म्हणाल्या दृष्ट लागली, आणि त्यांनी लिंबू बांधले. दुपारी दयारामने उसन्या हत्यारांनी त्याच कपाटाचे दुसरे दार बसवले. त्याच जातीची काच, तोच घाट.

दिरांनी आपली निम्मी लॉरी त्याच्या नावे केली असल्याने मी त्याला रोखू शकत नाही. "तुमचा हिस्सा कुठला, काकू?" असे त्याने हसत विचारले. पुढचा. उद्या ती हललीच तर मी त्याच्या शेजारी बसेन. माझ्यासमोर तो वेग आवरतो. म्हणून ही लिखापढी.

माझे राहते घर मी दयारामची पत्नी भामा हिला देते, एकटीच्या नावाने. दयारामला नाही, जाऊबाईंना नाही. भामाचे दिवस भरत आले आहेत. मी विधवा झाले तेव्हा माझ्या नावावर भिंतीतला खिळासुद्धा नव्हता. तिच्यावर ती वेळ येऊ नये. आली, तर छप्पर असावे.

लॉरीतला माझा हिस्साही भामाला. नवी काच बसेपर्यंत तिने तो हलू देऊ नये.

जड पेट्या उचलायचा साखळीकप्पा खलील तांडेल यांना. रागाने देत नाही.

जाऊबाईंना माझी चांदीची करंडी. गेली तेवीस वर्षे त्यांनी मला लॉरीच्या पूजेला समोर उभे राहू दिले नाही; करंडीतले कुंकू तसेच आहे.

दयारामला माझे कॉलेजातले पदार्थविज्ञानाचे पुस्तक. काचेवरच्या पानात खूण ठेवली आहे.

लॉरी हँडल मारून सुरू होते आणि हँडल एकच आहे. ते माझ्या कपाटात असते. आज खंडेनवमी, म्हणून सकाळी पाने, हातोडी अशा इतर हत्यारांबरोबर जाऊबाईंकडे पूजेला दिले. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी कोणी हात लावत नाही, म्हणून आजची मला काळजी नाही. संध्याकाळच्या आरतीनंतर ते डॉ. फणसे यांच्या ताब्यात द्यावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तेच करतील.

मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि खालील दोघांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर केली.

दमयंती कमळाकर दिघे

साक्षीदार: डॉ. मोरेश्वर फणसे, पनवेल
साक्षीदार: तुळशीराम ठाकूर, मिठागराचे मुकादम

पनवेल, खंडेनवमी, शके १८८३ (सन १९६१)

सुपूर्द केल्याची नोंद, त्याच संध्याकाळी:

घराचे कागद डॉ. फणसे यांना दिले. त्यांना पोचले.

यजमानांच्या सदऱ्यातून निघालेला काचेचा तुकडा, रुमालात बांधलेला, त्यांनाच दिला.

हँडल दिले नाही. ते आणायला तुळशीराम जाऊबाईंकडे गेले होते. ते सांगतात, "बाय, पाटावर पाने हायत, हातोडी हाय, फुलां हायत. हँडल नाय. शेड पन उघडी हाय."

त्यांच्या मागोमाग भामा आली. म्हणाली, "काकू, ते आणि सासूबाई मघाशीच निघाले. उद्या पहाटे देवीपाशी पोचायचंय म्हणाले. तुम्ही शेजारी बसाल म्हणून तुम्हाला सांगू नको म्हणाले."

घराची किल्ली भामाच्या हातात दिली. "आत्ताच कशाला, काकू?" असे तिने विचारले. किल्ली तिने घेतली.