भिकनराव हॅमच्या परीक्षेला बसतात

पंचवटी, नाशिक
५ जानेवारी १९९४

चि. सौ. लंका हिस पुंजादादाचे अनेक आशीर्वाद.

तुझे यजमान भिकनराव हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांच्या, परीक्षेला बसताहेत हे वाचून माझा चहा गार झाला. अगं, हे वेड त्यांना मीच लावलं! रेडिओ दुरुस्तीचं दुकान सांभाळून तीन वर्षं मी याच परीक्षेसाठी मोर्सचं 'डिट-डा' घोकतोय. तुझी वहिनी वैतागली. तरी मिनिटाला पाच शब्द उतरवताना घाम फुटतो. आणि पाहुण्यांची तीस वर्षं तारऑफिसात गेली. ते पान चघळत वीस उतरवतील. खरं सांगतो, पोटात दुखतंय.

जळका असलो तरी तुझाच,
दादा

नामपूर
१४ जानेवारी

ती. दादांस शि. सा. नमस्कार.

जळा खुशाल, पण वेळेवर जेवा. मी ताटावर चमच्याने कट-कट वाजवते, हे डोळे मिटून लिहितात. एक अक्षर चुकत नाही. तरी विचारताहेत, आणखी काही करायला हवं का? रेडिओतलं दादाच जास्त जाणतात म्हणे. जरूर कळवा.

तुमची लंका

पंचवटी
२० मे

चि. लंका,

आज आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. मी पास झालो, पाहुणे मोर्समध्ये नापास झाले, हे तुला ठाऊकच आहे. का झाले ते ऐक. तारेचं यंत्र कट-कट करतं, तिथे दोन ठोक्यांमधलं अंतर ऐकायचं. रेडिओत पीं-पीं शिट्टी येते, तिची लांबी ऐकायची. हेडफोनमध्ये शिट्टी सुरू झाली आणि त्यांची पेन्सिल हवेतच राहिली.

मला हे माहीत होतं. 'चमचा ठेवा, शिट्टीचा बझर लावा' एवढं कार्ड लिहिलंही होतं. टाकलं नाही. वाटलं, एकदा तरी मी पुढे असू दे. आणि निकालानंतर पाहुणेच पेढे घेऊन आले, मला मिठी मारली! माझ्या लायसनचा अर्ज भरून ठेवलाय. ते पास होईपर्यंत टाकणार नाही. सोबत बझर पाठवतोय.

अपराधी,
दादा

नामपूर
२९ मे

ती. दादांस नमस्कार.

पत्र यांना वाचून दाखवलं. यांनी बझर एकदा वाजवून पाहिला. मग म्हणाले, दादांना सांग, अर्ज आजच टाका; मी रेडिओवर येईन तेव्हा पलीकडे बोलायला आपलं माणूस नको का?

ते रागावले नाहीत. मी रागावले आहे, आणि ते पत्रात मावणारं नाही. रविवारी या. पिठलं-भाकरी मिळेल, गोडधोड काही करणार नाही.

यांचा लोभ आहे तसाच आहे. माझं तुम्ही आल्यावर बघू.

लंका