एका मापाने मोठा मदरबोर्ड

ता. ३ फेब्रुवारी

चि. खटपटीस,
मावशीचे आशीर्वाद. आम्ही मजेत आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं काय ते पुढे वाच.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणून आठ्या घालू नकोस. घर दोन खोल्यांचं, मी फोन उचलला की तुझ्या काकांना सगळं ऐकू जातं, आणि हे त्यांना कळता कामा नये. कारखान्यात मशिनांच्या खडखडाटात फोनवर काही कळत नाही. उत्तरही घरी धाडू नकोस, आमच्या शिवणाच्या कारखान्यावर धाड.

उजव्या डोळ्याची नजर आता परत यायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलं आणि काकांचा ट्रक सुटला. तेव्हापासून खिडकीशी बसून असतात. चिडत नाहीत, कुरकुरत नाहीत. परवा मी मुद्दाम भाजीत मीठ घातलं नाही, तर गुपचूप खाल्ली आणि ताट धुऊन ठेवलं. माझ्यासारखीशी भांडायचं सोडलं, म्हणजे माणूस किती आत गेला असेल बघ. मला भीती वाटते गं. हे तुलाच लिहिते, बाकी कुणाला बोलू नकोस.

आमच्याकडची काजं करणारी पोरगी म्हणते, कॉम्प्युटरवर ट्रक हाकायचा खेळ असतो, खरंखुरं चाक लावून. एका डोळ्याने जमतो का? लायसन विचारत नाहीत ना? तयार कॉम्प्युटर माझ्या आवाक्यातला नाही, पण सुटे भाग आणून घरी जोडता येतो म्हणे. मी दुकानात जाऊन आले. दुकानदाराने विचारलं, मदरबोर्ड कोणता घेणार. मी म्हटलं, चांगला. तो हसला. मला हसलेलं खपत नाही हे तुला ठाऊक आहे.

तर मदरबोर्ड म्हणजे काय, त्याला आईचं नाव कशाला दिलं आणि कोणता घ्यायचा, ते नीट लिही. लांबण लावू नकोस.

माया आहेच, ती उत्तर वेळेवर आलं तर टिकेल.
तुझी मावशी


ता. ११ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र कॉलेजच्या लॅबमध्ये वाचलं. भाजीचं वाचून हसले, आणि मग हसू थांबलं. काकांनी आळणी भाजी गप्प खाल्ली, यावर माझा विश्वासच बसत नाही.

आता तुझे प्रश्न. खेळ एका डोळ्याने जमतो आणि लायसन कुणी विचारत नाही. मदरबोर्ड म्हणजे एक मोठी हिरवी-काळी पाटी. कॉम्प्युटरचा प्रत्येक भाग तिच्यातच खोचायचा. तिच्यामार्फतच सगळे एकमेकांशी बोलतात. आईचं नाव त्यावरूनच पडलं असावं.

मी माझा कॉम्प्युटर नवीन केला, त्याचे जुने भाग पडून आहेत. प्रोसेसर, म्हणजे त्याचं डोकं, मेमरीच्या पट्ट्या, चित्रं दाखवणारं कार्ड, ट्रकचा खेळ भरलेली डिस्क, बाहेरची पेटी आणि गियर-ब्रेकसकट एक चाकसुद्धा पार्सलने पाठवते. पडदा म्हणून तुमचा टीव्ही चालेल. माझा मदरबोर्ड तेवढा जळाला, तो तुला घ्यायचा आहे. दोनच गोष्टी सांभाळ. एक, प्रोसेसर ज्या चौकोनात बसतो तो चौकोन जुळला पाहिजे. त्याचा नंबर वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलाय, तो दुकानदाराला दाखव. दुसरी, बोर्ड तीन आकारांत येतो. आपली पेटी लहान आहे, तिला मधल्या आकाराचा बसतो. मधलाच घे, मावशी. महागडा, रंगीत दिव्यांचा वगैरे लागत नाही.

आणि दुकानदाराशी भांडू नकोस.

तुझा राग आणि लोभ दोन्ही माझ्यावर असू दे.
तुझी खटपट


ता. २ मार्च

चि. खटपटीस,
आशीर्वाद. पार्सल पोचलं. बोर्डही आणला. बसत नाही.

आधी ऐकून घे, मग काय ओरडायचं ते ओरड. चिठ्ठी दाखवली, चौकोन बरोबर जुळला. मग दुकानदाराने दोन बोर्ड पुढे ठेवले, मधला आणि मोठा. मोठ्यावर खाचा जास्त, जागा जास्त. मी जन्मभर मुलांचे कपडे शिवत आले. शिवणीत आत माया ठेवायची, म्हणजे जास्तीचं कापड. पोरगं वाढलं की उसवून सैल करता येतं. तुझा शाळेचा फ्रॉक मी एका मापाने मोठा शिवला होता आणि तू तो तीन वर्षं घातलास. आपल्या घरात अंगाबरोबर कधी कुणी काही घेतलंय का? मी म्हटलं मोठा द्या. तो म्हणाला, बाई, लहान पेटी असेल तर मधला न्या. मला वाटलं, मोठा दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी राखून मला स्वस्तातलं गळ्यात मारतोय. चार माणसांत त्याला लबाड म्हटलं. त्या बिचाऱ्याने मोठा बांधून दिला.

घरी आणला तर चार बोटं बाहेर. मला काय कळणार, बोर्डाला ना शिवण ना उसवण!

हे अंघोळीला गेले होते. म्हटलं, तेवढ्यात पेटीच थोडी वाढवू. कारखान्यातली जाड कापडाची कात्री आणली होती, ती पत्र्याला लावली. कड वाकली, कात्रीचं टोक मोडलं आणि हे मागे येऊन उभे. ओल्या अंगाने. किती वेळ उभे होते देव जाणे. कात्री हातातून काढून घेतली, पेटीकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं. चाक हातात धरून उलटंसुलटं केलं. काय आहे हे म्हणून विचारलंसुद्धा नाही. परत खिडकीशी.

म्हणजे गुपित फुटलं आणि उपयोग शून्य. बदलून आणायचा तर त्या दुकानात मी पाय ठेवणार नाही. तोंड कुठलं दाखवू? आता तूच सांग, विकून टाकू का सगळं? मी कंटाळले.

माझ्यावरचा लोभ या बोर्डाएवढा तरी ठेव, मोठ्या मापाचा.
तुझी मावशी


ता. ९ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

काही विकू नकोस. बोर्ड खोक्यात घाल, पावती वर ठेव आणि टेबलावर उघड्यावर ठेवून दे. काकांना सांग की दुकानदाराला शिव्या घालून आलेय, आता मला जायची लाज वाटते. तुला लाज वाटते म्हटल्यावर ते उठतील, असं मला वाटतं. नाही उठले तर मी रजा काढून येते.

आणि पत्र्याला कात्री लावलीस हे मी लॅबमध्ये सगळ्यांना सांगितलं. माफ कर.

प्रेम आहे तेवढंच राहू दे, आणखी वाढवलंस तर चालेल.
तुझी खटपट


ता. २६ मार्च

चि. खटपट हिस,
काकाचे आशीर्वाद. मी पत्र लिहितोय याचं नवल वाटेल. फोनच करणार होतो, पण नाइलाज आहे.

बोर्ड बदलून आणला. दुकानदाराला मी कुणाचा नवरा ते सांगितलं, तेव्हा त्याने बसायला खुर्ची दिली आणि चहा मागवला. मग मी मधल्या आकाराचे जेवढे होते तेवढे सगळे काढायला लावले. तीन खाली ठेवले, एक घेतला. त्यात मेमरीच्या दोनच्या जागी चार खाचा आहेत. आता तुझ्या पट्ट्या दोनच, पण तुझ्या मावशीचं मन राहिलं पाहिजे. वाकलेली कड मी हातोडीने सरळ केली. जोडायला दोन दिवस लागले. पहिल्यांदा सुरूच होईना. मेमरीची पट्टी अर्धवट बसली होती, टक्क आवाज येईपर्यंत दाबली तेव्हा पडदा उजळला.

एक विचारायचं आहे. बोर्डावर नाण्याएवढी बॅटरी आहे. वीज तोडली तरी ती आतलं घड्याळ चालू ठेवते, असं दुकानदार म्हणाला. बाकी सगळं झोपलेलं असताना नुसत्या घड्याळाचा त्याला काय उपयोग? किती वर्षं पुरते? सविस्तर लिही. इथे मला सांगणारं कुणी नाही.

ट्रकचं म्हणशील तर मी एकदा हाकून पाहिला. बरा आहे, पण गियरला वजन नाही. मग तुझ्या मावशीने चाक मागितलं. एवढ्या वर्षांत तिने सायकलसुद्धा चालवली नव्हती. आता कारखान्यातून आली की हातपाय धुऊन थेट चाकावर. आरसा बघत नाही, वळणावर ब्रेक लावत नाही, समोरच्याला जागा देत नाही, वर मलाच विचारते की तो मधे का आला. कालपर्यंत तीन ट्रक उलटे केले. मी शेजारी खुर्ची टाकून बसतो आणि अगं डावीकडे, अगं हळू, अगं बाई दांडा सोड म्हणून ओरडतो. ती उलट ओरडते. शेजारचे दोनदा विचारून गेले, काय झालं म्हणून.

माझा घसा पार बसलाय, म्हणून फोनऐवजी हे पत्र.

सवडीने नको, लगेच उत्तर दे. लोभ आमच्या दोघांवर ठेव.
तुझा काका