पणजोबांच्या जहाजाबद्दल खुलासा

ती. आत्या,

शिरसाष्टांग नमस्कार. (आठांपैकी दोन अंगं, म्हणजे कंबर आणि उजवा गुडघा, सध्या रजेवर आहेत, उरलेल्या सहांचा स्वीकार व्हावा.) इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुझी तब्येत कशी आहे हे मी दर आठवड्याला तुझ्या सुनेला फोनवर विचारतो आणि ती दर आठवड्याला सांगते, की सासूबाई अगदी ठणठणीत आहेत, पण आत्ता झोपल्या आहेत. गेल्या चार महिन्यांत मी सकाळी आठला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी पाचला असा सगळ्या वेळांना फोन करून पाहिला. ठणठणीत माणूस इतकं झोपत नाही हे मलाही कळतं. म्हणून शेवटी पत्र लिहायला बसलो. ते उशाशी पडून राहू शकतं, आणि तू जागी झालीस की तुझ्या हाती लागेल.

तुला माहीतच आहे, की मी छापखान्यात बत्तीस वर्षं मुद्रितं तपासली. दुसऱ्याने लिहायचं, तिसऱ्याने जुळवायचं आणि मी लाल पेनने त्यातल्या चुका काढायच्या, असं सुखाचं आयुष्य होतं. निवृत्त झालो आणि सकाळी उठून चुका कुणाच्या काढायच्या हा प्रश्न पडला. पहिले दोन महिने तुझ्या भाचेसुनेच्या काढल्या. तिसऱ्या महिन्यात तिने लेकीचा जुना कंप्युटर माझ्यापुढे आणून ठेवला आणि सांगितलं, की यात जगभरातले लोक आपापल्या वंशावळी मांडून बसले आहेत, त्यांच्या काढा. (बायकोने मला दिलेली ही एकमेव गोष्ट, जिचा तिला नंतर पश्चात्ताप झाला. चष्म्याची जुनी फ्रेम सोडून.)

आता हा प्रकार कसा असतो ते थोडक्यात सांगतो. आपण आपलं नाव लिहायचं, वर आईवडील, त्यांच्यावर आजी-आजोबा. एखादं नाव दुसऱ्या कुणाच्या वंशावळीतल्या नावाशी जुळलं की कोपऱ्यात तांबडा ठिपका येतो. ठिपक्यावर बोट टेकवलं की त्या माणसाची अख्खी फांदी येऊन आपल्याला चिकटते. मी सकाळच्या चहाला बसलो तेव्हा मला सहा पूर्वज होते. अंघोळीला उठेपर्यंत एकशे चाळीस झाले. त्यातल्या बऱ्याच जणांचं आपल्याशी काय नातं हे मला अजून कळलेलं नाही, आणि एक बाई तर स्वतःच्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी धाकट्या निघाल्या. पण तेव्हा मी तपासत नव्हतो, आत्या, मी गोळा करत होतो. चुका काढणाऱ्या माणसाला घबाड मिळालं की तो कसा आंधळा होतो, याचा नमुना तुझ्या घराण्यातच आहे.

तर असाच एक तांबडा ठिपका पणजोबांवर, म्हणजे तुझ्या आजोबांवर उमटला. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंच्या वंशावळीत ते होते. (या बाईंच्या झाडावर चौदा हजार माणसं आहेत, आणि त्या प्रत्येकाबद्दल परीक्षेच्या आदल्या दिवशी बोलावं तसं काळजीने बोलतात.) नाव आपलं, गाव आपलं, जन्मसाल मी ऐकलं होतं तेच, आणि व्यवसाय: जहाजाचे कप्तान. पुढे वर्णनही होतं, की त्यांनी भर वादळात जहाज बंदराला सुखरूप आणलं. मी खुर्चीवरून उठून उभाच राहिलो. मग आणखी शोधलं, तर एका दाताच्या डॉक्टरांच्या वंशावळीत पुन्हा कप्तान. आणि 'मुळाक्षर' असं टोपणनाव घेतलेल्या कुणा तिसऱ्याच माणसाकडे पुन्हा कप्तान! तिघांचं एकमत. माझ्याकडे पणजोबांचा तो फोटो होताच, टोपी आणि पितळी बटणांचा. टोपीवर बिल्ला होता. तो मी भिंगातून पाहिला आणि मला त्यात चक्क नांगर दिसला.

पुढचं तुला माहीत आहे, कारण तू समोर बसली होतीस. मी वाचनालयाचं सभागृह घेतलं, सगळ्या घराण्याला बोलावलं, अकरा फुटी तक्ता भिंतीवर लावला आणि तास-सव्वातास बोललो. मी पोहायला शिकलो नाही, त्यामागेही समुद्राबद्दलचा वंशपरंपरागत आदर आहे, असंही म्हणालो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा तू पहिल्या रांगेतून उठलीस आणि शांतपणे म्हणालीस, "आजोबा रस्त्यावरचे दिवे लावायचे. ते डाव्या पायाने लंगडायचे. त्यांच्या अंगाला रॉकेलचा वास यायचा, समुद्राचा नाही." मागच्या रांगेतून कुणीतरी पुटपुटलं, की दिवे तर आपल्या घराण्यात सगळ्यांनीच लावले आहेत, आणि सभागृह हसलं. मला वाटलं माझं व्याख्यान हातचं जातंय. म्हणून मी ते वाक्य बोललो, जे तू विसरली असशील अशी मी चार महिने आशा करतो आहे: "आत्या, म्हातारपणीच्या आठवणीला पुरावा म्हणत नाहीत."

तू पिशवी उचललीस आणि जेवायला न थांबता गेलीस. मी मात्र जेवलो. दोनदा वाढून घेतलं. हेही आता लिहून टाकतो.

त्यानंतर मी बाईंना पत्र लिहिलं, ते तुझं खरं होतं का हे पाहायला नव्हे. तुझं खोटं आहे हे कागदानिशी दाखवायला. मी त्यांच्याकडे कप्तानगिरीचा पुरावा मागितला. त्यांनी लगेच कळवलं, की मूळ माहिती दंतवैद्यांची. वादळ तेवढं त्यांचं, कारण आपल्याच आडनावाचा एक कप्तान त्यांना जुन्या वर्तमानपत्रात सापडला होता आणि दोन कप्तान कशाला म्हणून त्यांनी एकात एक घातले. डॉक्टरांना विचारलं. ते दोन रुग्णांच्या मधल्या वेळात एकेक ओळ लिहितात, त्यामुळे उत्तर यायला आठवडा लागला. त्यांनी लिहिलं, की माहिती मुळाक्षर यांची. तिथे 'कप्तान' या शब्दापुढे एक प्रश्नचिन्ह होतं, पण ते बोट चुकून पडलं असेल असं समजून त्यांनी काढून टाकलं. (दाताच्या डॉक्टरला उपटायला काय लागतं.)

प्रश्नचिन्हाचं ऐकूनही मी आशा सोडली नाही. मुळाक्षर हे गृहस्थ अकरा वर्षांत तिथे फिरकले नव्हते. नावावरून मला ते चोखंदळ, अभ्यासू वाटत होते. मी त्यांचा चेहराही कल्पिला होता. मी त्यांना सविस्तर निरोप धाडला. आदरणीय महोदय, आपल्या संशोधनाचे आमच्या घराण्यावर उपकार आहेत, आपण हयात असाल तर कृपया पुरावा द्यावा, नसाल तर वारसांनी द्यावा, असा. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करत असताना फोन वाजला: आपल्यासाठी एक निरोप आहे. अर्ध्या साबणात चष्मा लावून वाचायला लागलो. आदरणीय महोदय. मनात म्हटलं, किती अदबशीर. पुढे घराणं, उपकार, संशोधन. हा माणूस हुबेहूब माझ्यासारखं लिहितो, रक्ताचं नातं लपत नाही, असं वाटून ऊर भरून आला. 'आपण हयात असाल तर' या ओळीला ऊर पुन्हा रिकामा झाला. निरोप माझाच होता, आत्या. मला आला होता.

मग सगळं आठवलं. अकरा वर्षांपूर्वी छापखान्यात पहिला कंप्युटर आला, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत मी हौसेने वंशावळ मांडली होती. नाव घेतलं मुळाक्षर. पणजोबांपुढे व्यवसायाचा रकाना रिकामा बरा दिसेना, म्हणून फोटोतली टोपी आठवून लिहिलं 'कप्तान?' आणि भाकरीचा डबा उघडला. त्यानंतर तिकडे गेलोच नाही. जुन्या ई-मेल पत्त्यावरचं टपाल लेकीने पुढे कधीतरी माझ्या फोनकडे वळवलं होतं, एवढाच काय तो चमत्कार. म्हणजे मी थाप मारली, डॉक्टरांनी तिचा कणा सरळ केला, बाईंनी तिला वादळात घातलं आणि मी ती अकरा फुटांवर छापून तुझ्या तोंडावर मारली. पणजोबांनी गावभर दिवे लावले. मी मात्र एकच लावला, पण काय तो प्रकाश.

दोघांनाही कळवलं. डॉक्टर म्हणाले, की कप्तान काढता येणार नाही, कारण त्यांच्या सासूबाईंना तो फार आवडतो.  बाईंचं दहाव्या दिवशी लांबलचक पत्र आलं. त्यांनी एका दुपारी कप्तानाचे त्रेसष्ट वंशज पुसले होते आणि दुसऱ्या दिवशी बस पकडून नगरपालिकेच्या जुन्या कागदांच्या खोलीत जाऊन बसल्या होत्या. तिथे त्यांना दिवाबत्ती खात्याचं हजेरीपुस्तक मिळालं. त्याच्या एका पानाचा फोटो सोबत जोडतो आहे. पणजोबांचं नाव तिसऱ्या ओळीत आहे. नेमून दिलेले खांब एकेचाळीस. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं आहे: शिडीवरून पडून डावा पाय दुखावला, तरी त्या संध्याकाळचे सर्व खांब पूर्ण. मी हा शेरा बायकोला वाचून दाखवायला लागलो, पण पुरा वाचता आला नाही. उरलेला तिने वाचला. टोपीवरचा बिल्लाही मी पुन्हा भिंगाखाली धरला. तो कंदील आहे. नांगर दिसावा असं त्यात काहीही नाही.

चि. नातवंडांना आशीर्वाद. तुझ्या सुनेला सांग, की 'झोपल्या आहेत' म्हणताना मागे टीव्हीवर बातम्या चालू असतात आणि तू त्यांना उत्तरं देत असतेस, ते इकडे ऐकू येतं.

तुझा भाचा

ता. क. : तक्ता भिंतीवरून उतरवला आहे. मागची बाजू कोरी आहे. त्यावर नव्याने सुरुवात करावी म्हणतो, पण पणजोबांना पाहिलेलं आता तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

आणखी ता. क. : याच संदर्भात एक किरकोळ बाब. भूगोलाच्या बाईंना मी उत्साहाच्या भरात कळवून बसलो, की दिवे लावणाऱ्यांची सख्खी नात हयात आहे, तिला सगळं लख्ख आठवतं आणि ती बोलायला आनंदाने तयार आहे. येत्या रविवारी सकाळी दहाला त्या तुझ्याकडे येत आहेत. सोबत डॉक्टर येतील, आणि डॉक्टरांच्या सासूबाई. तेव्हा रविवारी कृपा करून जागी राहा.

शेवटचा ता. क. : पाकीट बंद करण्याआधी पत्र बायकोला तपासायला दिलं. शुद्धलेखन ठीक आहे म्हणाली, पण चार पानं लिहिलीत आणि 'माझं चुकलं' हे दोन शब्द कुठेच नाहीत. मी म्हटलं, असं कसं होईल. पहिल्या ओळीपासून पुन्हा पाहिलं. खरंच नाहीत. माझं चुकलं, आत्या. हे आधीच लिहायला हवं होतं, पण मग बाकीचं पत्र लिहायचं काही कारणच उरलं नसतं.