ठिगळाखालचे तीन सूर

दादा,

'प्रिय' लिहायला हात धजत नाही.

बाबांच्या आपोआप वाजणाऱ्या पियानोचे रोल तू संग्रहालयाला दान दिलेस, फोटोही काढून घेतलास. मी तिथेच कामाला असल्याने त्यातला 'तो' रोल आज माझ्याच स्कॅनरवर आला. सुरांची भोकं पाडलेली ती कागदी गुंडाळी मी फाडली, असं तू बाबांना सांगितलं होतंस. मी नऊ वर्षांची होते. तुझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, त्यांनी रोल उलगडूनसुद्धा पाहिला नाही. त्यानंतर मरेपर्यंत मला पियानोला बोट लावू दिलं नाही.

मी आज स्कॅन मोठा करून पाहिला. फाटलेल्या जागी तुझ्या भूगोलाच्या वहीचं ठिगळ आहे. कोंबडीचे पाय काढल्यासारखं तुझं अक्षर लख्ख दिसतंय. वर शेजारची चांगली भोकंही बुजवलीस, म्हणून तीन सूर मुके झाले. अरे गाढवा, आळ माझ्यावर घ्यायचा होता तर वही तरी माझी घ्यायचीस!

आमच्याकडे ठिगळ काढत नाहीत, आहे तसं जपतात. बाबा गेले, तुझं अक्षर मात्र राहील.

हे पत्र मी पाठवणार नाही, फाडून टाकणार आहे. नाहीतरी घरात फाडणारी म्हणून नाव माझंच आहे.

नाइलाजाने तुझीच,
बहीण